घरची शिकवणी

बेचाळिसाव्या वर्षी कांताने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा वर्तकनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त मिरवला तो तिचा नवरा कुंडलिक. "घरात मी दहावी पास असताना क्लास कशाला लावायचा?" असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. लग्न ठरवताना मध्यस्थानेही त्याची हीच एक गोष्ट छातीठोकपणे सांगितलेली. बावीस वर्षं कांता ती ऐकत आलेली.

त्याची शिकवायची पद्धत मात्र वेगळीच होती. वॉचमनची ड्युटी संपवून आला की तो तिच्यासमोर मांडी घालून बसायचा. "हं, हा धडा मला समजावून सांग. तुला आलंय का, बघतो." कांता घसा कोरडा पडेपर्यंत समजवायची. तो मान डोलवायचा आणि मध्येच म्हणायचा, "परत सांग. नीट नाही आलं तुला."

पहिल्याच पेपरला त्याला नेमकी डबल ड्युटी लागली, म्हणून ती एकटीच रिक्षाने सेंटरवर गेली. तिथे आडनावाप्रमाणे नंबर लावलेले. तिच्या मागचं बाक रिकामंच होतं. पेपर वाटताना कुणीतरी धापा टाकत येऊन त्यावर बसलं. मराठीचा पेपर लिहिता लिहिता ती कवितेच्या रसग्रहणापर्यंत आली, तोच मागून कुजबुज ऐकू आली.



"कांता, वळू नकोस. हे रसग्रहण कसं लिहायचं, सांग जरा. तुला आलंय का, बघतो."