आधी उमटलेली रेघ

ऑनलाइन फळ्यावर रेघ उशिरा उमटते, अशी गिऱ्हाइकांची ओरड होती. एकाने काढलेली रेघ दुसऱ्याला त्याच क्षणी दिसावी, म्हणून प्रोग्रामरबाईंनी दोन महिने जिवाचं रान केलं.

आज दुपारी त्यांनी ऑफिसातून घरी फोन लावला आणि चाचणीला बसवली आपली सात वर्षांची लेक. ती घरात एकटीच होती. आजी बाहेरून कुलूप लावून औषध आणायला गेली होती.

“चिमणे, घर काढ बरं.”

“आधी छप्पर हं!”

ती बोलेपर्यंत बाईंच्या पडद्यावर छप्पर उमटलंही. देव पावला! पाठोपाठ खिडकी आली.

“खिडकी छान जमली गं.”

“काहीतरीच तुझं! अजून कुठे काढलीय? आता काढते.”

बाईंचा चहा हातातच राहिला. पडद्यावर दार उमटू लागलं होतं, लेकीच्याच वाकड्या, लाडक्या रेघेने. अर्ध्यावर ती रेघ थरथरली, आणि कुणीतरी मनगट धरून ओढावं तशी फळ्याच्या कडेपर्यंत फरफटत गेली.

पुढे काहीच उमटेना.

“बाळा, दार काढू नकोस!”

“अर्धं काढलंसुद्धा,” लेक खिदळली. मग म्हणाली, “अगं आई, तू घरी कधी आलीस? मनगट सोड ना माझं!”