ऑपरेशनच्या आधी

"मला न्हाय म्हणू नगासा, डॉक्टरसाहेब. घरात न सांगता आलोय मी," गंगव्वा दारातूनच म्हणाली.

टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर केली. पांढरा शर्ट, जाड काचांचा चष्मा, दाढीचे खुंट वाढलेले. खिडकीतून खडेबाजारातला रविवारचा गलबला वर येत होता.

"बसा आधी," ते म्हणाले. "गाव कुठलं?"

"वडगाव. मागाचा धंदा आमचा, लुगडी विणतो."

"इथलं कुणी सांगितलं?"

"गल्लीतल्या बायका बोलत हुत्या. मुंबईचं डॉक्टर येत्यात, पोटातली चरबी नळीनं वडून काढत्यात म्हणून."

गंगव्वानं पदर सावरला आणि एका दमात सांगून टाकलं. तिसऱ्या बाळंतपणानंतर पोट सुटलं ते वाढतच गेलं. मागाच्या खड्ड्यात उतरून बसलं की पुढचं लाकूड पोटात रुततं. हात पोचत नाही, सुताचा धोटा चुकतो, दम लागतो. नवरा, तम्मण्णा, आधी चिडायचा. आता तो चिडतही नव्हता.

"मागावर बसंल अशी दुसरी आणतो म्हणत्यात. कडोलीची पोरगी बघून आल्यात. दिवाळी झाली की आणणार." ती खुर्चीत पुढं सरकली. "मेलो तर मेलो, पर सवत नगं. आजच कापा मला."

"मेल्यावर पोरांचं कोण बघतं?"

गंगव्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हे ऑपरेशन म्हणजे काय, कुणी सांगितलंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"चरबी काढली की माणूस बारीक हुतंय."

"होत नाही. कातडीखालची थोडी चरबी निघते. वजनात फारसा फरक पडत नाही. वरची कातडी सैल पडून लोंबते ती वेगळीच. आणि तुमचं पोट चरबीनंच वाढलंय, हे कुणी तपासलंय का?"

"दुसरं काय असणार?"

"बाळंतपणात पोटाचे स्नायू फाकतात. कधी आत गाठ असते, कधी पाणी साठतं. त्याला ही नळी काय करणार? दातांना तंबाखूची मिस्री लावता?"

"न्हाय."

"खरं सांगा. भूल द्यायच्या आधी काही लपवायचं नसतं."

तिनं खाली बघितलं. "लावतो. दिसातनं चार-पाच बारी."

"पाय सुजतात?"

"सांजच्याला सुजत्यात. त्याचा हितं काय संबंध?"

गृहस्थांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"एक बाई होती," ते म्हणाले. "तुमच्याच वयाची असेल. तिचेही पाय सुजायचे. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनं आपण होऊन सांगितलं नाही. सांगितलं तर परत पाठवतील म्हणून भ्याली. ऑपरेशन झालं. संध्याकाळी हसत होती, लग्नातली साडी आता नीट बसेल म्हणत होती. दुसऱ्या दिवशी धाप लागली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली."

खाली एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. गंगव्वाला समोरच्या माणसाची दया आली. इतका मोठा माणूस, आणि आपल्या हातून झालेलं असं उघड सांगतो.

"तुमच्याच हातनं झालं व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"मी अडवलं नाही. एवढं खरं."

"मग मी करू तरी काय?" तिला आता रडू आवरेना. "लई आशेनं आलतो."

"सगळ्या आशेनंच येतात." त्यांचा आवाजही बसला होता. "सिव्हिलमध्ये बायकांच्या डॉक्टर आहेत. आधी त्यांना पोट दाखवा. मिस्रीचं सांगा, पायांचं सांगा, दम लागतो तेही सांगा. नवऱ्याला बरोबर न्या."

"ते येत न्हाईत."

"मग भावाला न्या. एकट्या जाऊ नका. आणि त्यानंतरही कापायचंच ठरलं, तर कापणाऱ्याला विचारा, मागाहून त्रास झाला तर तुम्ही कुठं भेटणार? तो इथं राहत नसेल तर उठून चालायला लागा."

"म्हंजे तुमी कापणार न्हाईसा?"

"मी नाही."

ती उठली. चौकटीला धरून क्षणभर उभी राहिली. वाटलं, परत वळावं, पाय धरावेत. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडं बघून तिला ते जमलं नाही. डोळे पुसत ती जिना उतरू लागली.

अर्ध्यावर दोघे वर येताना भेटले. पुढं कातडी बॅग घेतलेला कंपाउंडर रवळू. मागच्या आठवड्यात नाव नोंदवायला आली तेव्हा तिनं त्याला पाहिलं होतं. मागं काळा गॉगल लावलेला, अत्तराचा वास येणारा एक माणूस.

"निघालीस कुठं, आक्का?" रवळू म्हणाला. "गाडी उशिरा आली, म्हणून थांबायला लागलं. चल, आता लगेच बघतील. जमलं तर आजच करून टाकतील."

"बघितलं की," गंगव्वा म्हणाली. "डॉक्टर वरच बसल्यात."

गॉगलवाला तिला ओलांडून भराभर वर गेला. दार ढकलल्याचा आवाज आला.

"कोण तुम्ही? माझ्या खुर्चीत काय करताय?"

मग तोच बसलेला आवाज ऐकू आला.

"निपाणीच्या शालूबाईचा नवरा. मागच्या खेपेला तुम्ही तिला कापलंत, तेव्हा बाहेर बाकावर बसलो होतो."