काउंटरवरचा आवाज

“मला कुणाला नाही म्हणताच येत नाही, मॅडम,” स्क्रीनवरची बाई म्हणाली, आणि समुपदेशिकेने उत्साहाने खुर्ची पुढे ओढली.

गेले काही आठवडे नुसत्या गप्पाच चालल्या होत्या. ही बाई एका मोठ्या दुकानात, विकलेला माल परत घेण्याच्या काउंटरवर बसायची. गिऱ्हाइकांच्या आरडाओरड्याने झोप उडाली म्हणून आली होती. ती तक्रार केव्हाच मिटली, आता ढाराढूर झोपत होती. तरी एकही भेट चुकवत नव्हती. बाकीचे लोक दोन-तीन भेटींत गळायचे, त्यामुळे समुपदेशिकेचा हिच्यावर भारी जीव. “माझी सगळ्यात गुणी क्लायंट,” असं ती नवऱ्याला सांगायची. हिच्या वेळेला स्वयंपाकघरात मिक्सर लावायची त्याची टाप नव्हती.

“नेमकं कुणाला नाही म्हणायचंय?”

बाई घुटमळली. “आहे एक. दर आठवड्याला तासभर माझं डोकं खाते. स्वभावाने फार चांगली हो. माझं तोंडभर कौतुक करते. म्हणून तर जीभ रेटत नाही.”

“घरातली आहे?”

“घरातच म्हणायची. माझ्या बेडरूमपर्यंत येते.”

‘नणंद,’ समुपदेशिकेने मनातल्या मनात ठरवून टाकलं. तिला स्वतःला दोन होत्या.

“आणि तिला काहीच कळत नाही?”

“छे! तिला वाटतं, मी तिची वाटच बघत असते.”

“काही माणसं असतातच अशी,” समुपदेशिका कळवळून म्हणाली. मग तिने आपली नेहमीची पद्धत काढली. लहानपण उकरत बसायचं नाही. माणसात जे धड आहे ते हाताशी धरायचं आणि कामाला लागायचं. “मला सांगा, गिऱ्हाईक फाटलेला शर्ट परत घेऊन आलं, तर काय म्हणता?”

बाई एकदम ताठ बसली. चेहऱ्यावर हसू आलं, आवाजात साखर उतरली. “आपण आलात, आनंद वाटला. पण हा आम्हाला परत घेता येणार नाही.”

“आणि त्याने आवाज चढवला तर?”

“तेच पुन्हा. आणखी गोड.”

“अहो, मग तुम्हाला नाही म्हणता येत नाही असं कोण म्हणतं? दिवसभर तेच तर करता! फक्त घरी काउंटर नसतो. आज समजा की आहे.”

बाईचे डोळे चमकले. “हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”

“मग आता उद्यावर ढकलू नका. आजच्या आज तिला सांगून टाका. फोन लावा.”

“फोन कशाला? ती समोरच आहे.”

“काय सांगता! मग तर सोन्याहून पिवळं!” समुपदेशिकेला खुर्चीत बसवेना. “मी इथे नाहीच असं समजा. माझा आवाजही बंद करते. तिच्या डोळ्यांत बघा आणि बोला. वाईट वाटलं तर वाटू दे, त्याची जबाबदारी तुमची नाही.”

“नक्की?”

“अगदी नक्की!”

तिने माइक बंद केला आणि दोन्ही अंगठे वर करून दाखवले.

बाईने पदर सारखा केला. थेट समोर बघत, काउंटरवरच्या आवाजात ती म्हणाली, “तुमचे खूप उपकार आहेत माझ्यावर. पण पुढच्या आठवड्यापासून मला हे जमायचं नाही. राग मानू नका.”

समुपदेशिकेने आवाज न करता जोरजोरात टाळ्या वाजवल्या. डोळे भरून आले तिचे. मग नणंद काय म्हणते ते ऐकायला तिने कान टवकारले. पलीकडे सगळं शांत होतं.

बाई स्क्रीनकडे वाकली.

“काहीतरी बोला ना, मॅडम. माइक बंद आहे तुमचा.”