शेवटच्या घरचा वाटा

सावंतवाडीच्या दुकानात गुरुदास बंदुकीच्या दारूचे दोन नमुने दोन तळहातांवर घेऊन केव्हाचा बसला होता. बारीक दाण्याची दारू झटकन पेटे, पण त्याच्या ठासणीच्या बंदुकीतून गोळी भरकटे. जाड दाण्याची सावकाश जळे आणि गोळी सरळ नेई. फक्त ती ओलसर नसावी.

"रे, दारू निवडतंस की लग्नाक व्हकल निवडतंस?" दुकानदार दाजी हसले. गुरुदासने मान खाली घालून जाड दाण्याची घेतली.

ज्याच्या गोळीने डुक्कर पडेल, त्यानेच घरोघर मटणाचा वाटा पोचवायचा, असा गावचा रिवाज होता. एकट्या राहणाऱ्या विधवा यमुनेच्या घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकायला त्याच्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.

यंदाही शिकारीत डुक्कर त्याच्याच गोळीने पडलं. यमुनेचा वाटा त्याने सर्वांत शेवटी नेला. तिने दर वर्षीसारखं मुकाट्याने ताट पुढे केलं. तोच दगडी गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "यमुने, इलो काय गो माझो वाटो?"

गुरुदास गोंधळला. "तुझो वाटो तिका?"

"तुळशीची माळ घातलंय मी. आठ वर्सां मटाण खावक नाय."

"मगे माका आधी सांगूचा नाय?"

यमुनेने पदर सारखा केला.

"सांगलं असतंय, तर तू परत इलो असतंस?"