सासूबाईंची मूठ

"मुठीवरचे सासूबाईंच्या बोटांचे खळगे पार घालवा," सुनेने सुरी टेबलावर आपटली. "म्हातारीने मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही."

पॉलिशवाल्याने नाक मुरडलं. लाकडी मूठ पाण्यात कुजवणाऱ्यांच्या हाती प्लास्टिकच द्यावं! त्याने ती घासून सपाट केली, तेल चोळलं आणि वाळत टांगली.

सकाळी खळगे परत आले होते. "लोकांचे हात शिवशिवतात नुसते!" तो बायकोवर खेकसला आणि पुन्हा घासायला बसला. दुपारपर्यंत खळगे आणखी खोल झाले, मूठही कोमट लागली.

एकदाची ब्याद जावी म्हणून त्याने सुरी न्यायला आलेल्या सुनेपुढे ती तशीच सरकवली. तिने उचलली. बोटं खळग्यांत चपखल बसली.

"सोडा आता, कागदात गुंडाळून देतो," तो तुसडेपणाने म्हणाला.

सून पांढरीफटक पडली.

"भाऊ, मी केव्हाच सोडलीय."