शिळं नको

"म्हणजे फ्रीजमधलं देणार काय तुमी माह्या भावाले?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

डॉ. प्रेरणा बिसेन यांना हसू आलं. गोंदियाच्या त्या इस्पितळात त्या प्रत्यारोपणाचं काम बघत. मूळपेशींना शिळं म्हणणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी दात्याच्या रक्तातून मूळपेशी काढून गोठवायच्या, मगच रुग्णाचं जबर औषध सुरू करायचं. ते औषध रोगासकट हाडांतली सगळी मज्जा जाळून टाकतं. त्यानंतर नव्या पेशी मिळाल्या नाहीत तर अंगात रक्त तयारच होत नाही, आणि माणूस महिनाभरही काढत नाही.

"गोठवल्यानं फारसं बिघडत नाही, ताई."

"ताज्याची गोष्ट येते काय त्याले? भावाले शिळं कायले देता? औषध झालं का त्याच दिवशी काढा माह्यातलं अन् त्याच दिवशी द्या. मी सौंदडहून सकाळच्या गाडीनं येईन."

गोठवताना थोड्या पेशी मरतात, हे खरंच होतं. शिवाय बाईचा भावासाठी इतका जीव तुटत होता, की मोडता घालणं प्रेरणांना जड गेलं. त्यांनी क्रम बदलला.

भाऊ म्हणजे शालीकराम. सडक अर्जुनीला हायवेवर त्याचा ढाबा. आवाज असा, की गल्ल्यावरून हाक मारली तर रस्त्यापलीकडचा ट्रकवाला वळून बघायचा. रक्ताच्या कर्करोगानं तो आवाज पार बसवला होता. मूलबाळ नाही. जवळचं रक्त म्हणजे ही एकच बहीण, आणि तिच्याशी सहा वर्षं बोलणं बंद. का, ते दोघांनीही सांगितलं नाही आणि प्रेरणांनी विचारलं नाही. घरोघरी काहीतरी असतंच. निरोप गेला तशी ती दुसऱ्या दिवशी दारात हजर. तपासणीत दहापैकी दहा खुणा जुळल्या. शालीकराम ओक्साबोक्शी रडला. प्रेरणांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

दात्याचा फॉर्म त्यांनी स्वतःच भरला.

"मुलं किती?"

"एक पोरगी होती. टीना. बाळंतपणात गेली."

"अरेरे. काय झालं होतं?"

"रक्त लय गेलं. तिचा गट कुठं भेटेना. मनानं लगन केलं होतं तिनं, तर सोयऱ्यांतलं कोणी उभं राहत नव्हतं. एकाचा गट जुळत होता. त्याले फोन केला. येऊन राहिलो, म्हणे. सकाळपासून दुपारपर्यंत तेच म्हणे."

"तुम्हाला कधी रक्त चढवलंय?" प्रेरणांनी पुढचा रकाना घेतला.

"नाही." शकुंतलाबाईंनी पदर सारखा केला. "सही कुठं करू?"

सहा दिवसांचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवसापासून पेशी वाढवायची सुई घ्यायला शकुंतलाबाई रोज येऊ लागल्या. सुईनं हाडं ठणकतात. भलेभले पुरुष कुरकुर करतात. या बाईंनी हूं की चूं केलं नाही. वर भावजयीसाठी, प्रेमिलासाठी, रोज डबा. मग काचेपाशी उभं राहून आत झोपलेल्या भावाकडे एकटक बघत राहायचं. नर्सा म्हणायच्या, बहीण असावी तर अशी.

"मॅडम, हे औषध आता मधातच थांबवता येते काय?" त्यांनी एकदा विचारलं.

बाई घाबरली आहे, असं प्रेरणांना वाटलं. त्यांनी तिचा हात धरला. "आता मागे फिरता येत नाही, ताई. आता सगळं तुमच्यावर."

"दुसऱ्या कोणाचं चालत नाही?"

"ऐन वेळी कुठून आणणार?"

"बरं," त्या म्हणाल्या.

सहाव्या दिवशी शेवटची बाटली उतरली. शकुंतलाबाईंनी ती रिकामी झालेली स्वतः पाहिली, डब्याची पिशवी उचलली आणि गाडी गाठली.

सातव्या दिवशी आठ वाजता मशीन तयार होतं. फ्रीजरमध्ये अर्थातच काही नव्हतं.

साडेआठला प्रेरणांनी फोन लावला. "येऊन राहिली, मॅडम," शकुंतलाबाई म्हणाल्या. मागे कोंबडा आरवत होता. पॅसेंजर गाडीत लोक काय वाट्टेल ते नेतात, असं प्रेरणांना वाटलं.

साडेदहाला पुन्हा. "येऊन राहिली."

साडेबाराला पुन्हा. तेच. त्यानंतर फोन बंद लागला. इस्पितळाची गाडी सौंदडला पाठवली. घराला कुलूप होतं.

तीन वाजता प्रेरणा मास्क बांधून शालीकरामच्या खोलीत शिरल्या. रुग्णाला धीर देणं हाही उपचारच असतो.

"ताई आली?" त्यानं विचारलं.

"येताहेत. मी स्वतः बोलले."

"काय म्हणाली?"

"येऊन राहिली, म्हणाल्या. तीनदा फोन केला, तीनदा तेच."

शालीकरामनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आता फोन नका करू, मॅडम. टीनाच्या वक्ताले मी बी दुपारपर्यंत तेच म्हटलं होतं."