मायले पानी दे

"साक्षीदार कोण?" बोर्डिंगच्या समितीचे प्रमुख उदेसिंगबापू यांनी विचारलं.

फुलीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. दारात मंगलाबाई उभी होती. तिला पाहून समितीतली सगळी माणसं सैलावली. फुलीची तक्रार सुपरिंटेंडंट तुळशीराम मास्तरांवर होती, आणि मंगलाबाई ही तुळशीराम मास्तरांची बायको. आता काय साक्ष होणार, कप्पाळ!

म्हसावदच्या अलीकडे रस्त्याला लागून हा मुलींचा ट्रेनिंग वर्ग होता. शाळामास्तरणी तयार करायचा. तिथंच त्यांचं बोर्डिंग. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, तशा शिकलेल्या बायकाही मिळेनात. फुली काठी गावाकडच्या डोंगरातली, वीस वर्षांची. तिच्या पाड्यावर इतकं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. वर्ग पुरा झाला की तिला तिकडचीच शाळा मिळायची होती. आणि आज साक्ष मिळाली नाही, तर सज्जन माणसावर आळ घेतला म्हणून तिचं नाव कापलं जाणार होतं. ते बापूंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

तक्रारीत गुंतागुंत काही नव्हती. काल भरदुपारी मास्तरांनी तिला ज्वारी मोजायला कोठीत बोलावलं आणि आतून कडी लावली. तिनं त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला, कडी काढली आणि फाटक्या बाहीनं बाहेर पळाली. समोर ओट्यावर मंगलाबाई धान्य पाखडत होती. फुली हे सगळं वर्गात शिकलेल्या शुद्ध मराठीत सांगत होती, एकेक शब्द जपून. मास्तरांच्या हाताला पट्टी होती. कुत्रं चावलं, म्हणाले. बापूंना ते लगेच पटलं.

पुढं असं काही होऊ नये म्हणून बापूंनी एक नियमही सुचवला. दिवेलागणीनंतर पोरींना खोल्यांत घालून बाहेरून कुलूप लावायचं. कुलपं त्यांनी सोबत आणलीही होती. आता भरदुपारच्या गोष्टीला दिवेलागणीचं कुलूप काय करणार, हे त्यांना विचारायचं कुणी?

मंगलाबाईची एक गंमत सगळ्या बोर्डिंगला ठाऊक होती. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाया गावोगाव होत्या, पण ही त्यांच्यावरही वरताण. नवऱ्याच्या नावात तुळस, म्हणून ती तुळशीलाही तुळस म्हणायची नाही. रोज तिची पूजा करायची आणि म्हणायची नुसतं 'माय'. सकाळी कुणाला तरी फर्मान सुटायचं, "मायले पानी दे." फुली नवीन आली तेव्हा हे फर्मान तिला सुटलं. तिनं तांब्या भरला आणि मंगलाबाईपुढेच नेऊन धरला. "माय, पाणी घे." पोरी हसून लोटपोट झाल्या. मंगलाबाई हसली नाही. तिला मूल नव्हतं, माय म्हणून तिला कधी कुणी हाक मारली नव्हती. तिनं तो तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

बापूंनी तिला पुढं बोलावलं. काल फुलीच्या मागून कोठीतून कोण बाहेर आलं, ते विचारलं.

मंगलाबाई म्हणाली, तिचा मालक बाहेर आला.

लिहिणाऱ्याचा टाक थांबला. बापूंना हसू आलं. मालक म्हणजे कोण, मालक तर घरोघरी असतात, कागदावर असं कसं लिहायचं? मग ते अगदी मऊ आवाजात बोलले. "बाई, नाव सांगनं पडी. नई त साक्ष धरता येवाव नई."

कायद्याचं बोलले खरे, पण ते कशाच्या भरवशावर बोलतायत हे तिथं सगळ्यांना कळत होतं. मास्तरांनाही. ते पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

फुली मंगलाबाईकडे पाहत होती. तिची फाटकी बाही मंगलाबाईनंच सकाळी शिवून दिली होती, तेव्हाही दोघी काही बोलल्या नव्हत्या. मंगलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तुळशीराम," ती म्हणाली.

कुणी लिहीना. मास्तरांच्या हातातलं पान खाली पडलं. बापू घाईघाईनं समजावू लागले, की अहो बाई, नाव घेतलं तर धन्याचं आयुष्य कमी होतं, काही कळतं का तुम्हाला.

"माले समजस," मंगलाबाई म्हणाली. "लिखा. त्यासना बापनं नाव बी सांगू का?"

आता सासऱ्याचंही नाव निघणार म्हटल्यावर लिहिणाऱ्यानं मुकाट्यानं टाक दौतीत बुडवला.

कागद फौजदाराकडे गेला. मास्तर संध्याकाळी बैलगाडीत बसून शहाद्याला गेले, ते पुन्हा बोर्डिंगात आले नाहीत. मंगलाबाई त्यांच्याबरोबर गेली नाही. तिनं सुताराला बोलावून कोठीची आतली कडी उपटून काढायला लावली. पोरींच्या खोल्यांसाठी आणलेल्यांतलं एक कुलूप कोठीला बाहेरून घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग चुलीपुढं बसून ती खूप रडली. पोरी तिच्याभोवती बसून राहिल्या. फुलीनं त्या दिवशीच्या भाकरी थापल्या, आणि त्या जाडच झाल्या.

सकाळी मंगलाबाई नेहमीसारखी अंगणात आली. रिकामा तांब्या तिनं फुलीच्या हातात दिला.

"फुली, तुळशीले पानी दे."